लवंगांच्या दिवसांत मिठाला जाणारा

सिंगराजा शहराच्या वरच्या डोंगरात लवंगा तोडायला आल्या की खालून, पलीकडून, थेट शेजारच्या जावा बेटावरून माणसं येतात. घराघरांत पाहुणे झोपलेले असतात, अंगणात ताडपत्र्या पसरतात आणि त्या पुरेनाशा झाल्या की रस्त्याच्या दोन्ही कडांना चटया टाकून त्यांच्यावर लवंगा वाळत घालतात. ट्रकवाल्यांना चाक टाकायला जागा उरत नाही आणि त्यांच्या शिव्या दिवसभर ऐकू येतात. अशा दिवसांत गावातल्या म्हातारीलाही कोणी बसू देत नाही, निदान देठं तरी निवड म्हणतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत बुकित तिंबुल गावातला एक धडधाकट माणूस खांद्याला पिशवी अडकवून डोंगर उतरायला लागतो. तो समुद्रावर मिठाच्या कामाला चाललेला असतो, लवंगांपेक्षा निम्म्या मजुरीवर.

हा नेंगा कर्दा. गेली पंचवीस-तीस वर्षं त्याचं हे असंच चाललं आहे. घरची लवंगांची झाडं आहेत, ती थोरला भाऊ सुंबर आणि कर्दाची बायको सुकर्ती मिळून बघतात. गावाने याचा अर्थ आपापल्या परीने लावला. कोणी म्हणे, त्याला शिडीवर चढायची भीती वाटते. हे खोटं होतं, नारळावर तो माकडासारखा चढायचा. कोणी म्हणे, खाली त्याची बाई आहे. हे सुकर्तीच्या कानावर आलं तेव्हा ती देठं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई असती तर निदान धुतलेले कपडे घालून परत आले असते.” त्यानंतर तो विषय गावाने सोडला.

दुसरा आरोप मात्र कायमचा चिकटला. कर्दा गर्विष्ठ आहे. बंजारची, म्हणजे वाडीची, सभा भरली की पुरुष मंडपात गोल करून बसायचे आणि लवंगेच्या सिगारेटी पेटवायचे. तिकडे पुरुष म्हटला की ती सिगारेट आलीच. कर्दा मात्र वारा कुठून येतो ते बघून अगदी कडेच्या खांबाला टेकून बसायचा, आणि सभा संपली की पहिला उठायचा. “राजेसाहेब निघाले,” असं कोणीतरी मागून म्हणायचंच. कर्दा ते ऐकून घ्यायचा. गर्विष्ठ म्हणवून घेणं परवडलं, खरं कारण सांगणं परवडलं नसतं. चाळिशी ओलांडलेल्या बापईमाणसाने लवंगेच्या वासाला भितो असं कोणत्या तोंडाने सांगायचं, आणि तेही लवंगांवर जगणाऱ्या गावात?

त्याची गोष्ट तशी साधी आहे. तो शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गात असताना त्याची एक दाढ किडली. तेव्हा दात काढणारा एक माणूस मोटारसायकलवरून गावोगाव फिरायचा. तो आला ते नेमके तोडणीचे दिवस होते. ओसरीवर लवंगा वाळत होत्या, त्यांच्याच कडेला चटईवर कर्दाला निजवला. मामाने त्याचं डोकं दोन्ही हातांत पकडलं. सुई टोचली होती म्हणतात, पण ती लागू पडायच्या आत त्या माणसाने चिमटा लावला. दाढ वर तुटली आणि मुळं खाली राहिली. मग ती एकेक करून काढली. मध्येमध्ये तो माणूस दमून सिगारेट ओढायचा, पुन्हा तीच बोटं तोंडात घालायचा आणि लवंगेच्या तेलाचा बोळा आत कोंबायचा. पोर ओरडत होतं तोवर बरं होतं. पुढे ते ओरडायचंही थांबलं.

आता खरं बघायला गेलं तर त्या सगळ्या प्रकारात लवंगेनेच त्याला थोडाफार आराम दिला असेल. पण पोराच्या डोक्याने हिशोब वेगळा मांडला. कळ आली तेव्हा नाकात लवंग होती, तेव्हा कळ लवंगेची. दाढेची जागा महिन्याभरात भरून आली, पुढे नवी दाढही आली, मामाने त्याला खूश करायला कोंबडीचं पिल्लू आणून दिलं. नाक मात्र काहीच विसरलं नाही. तिथून पुढे वाऱ्यावर लवंगेचा वास आला की त्याची दातखीळ बसायची, मानेला घाम फुटायचा, आणि जी दाढ आता त्या जागी नव्हतीच ती ठणकायला लागायची.

दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. कर्दा तर गोठ्याच्या वाटेनेच जाईनासा झाला. आधी तो वाळवणाचा रस्ता सोडून कॉफीच्या झाडांतून लांबून जायला लागला. मग वास यायचीही गरज उरली नाही. बायका कोपऱ्यातल्या जुन्या चटया काढून त्यांचे काठ शिवायला बसल्या, की त्याचा जबडा आवळायचा. पुढे पुढे तर लोकांनी वळचणीच्या बांबूच्या शिड्या खाली उतरवल्या एवढंही पुरायला लागलं. भीतीचं हे असंच असतं, एक खोली दिली की ती सगळं घर मागते. आणि गंमत अशी की पळून गेला की त्याला लगेच बरं वाटायचं. त्यामुळे पळणं हेच औषध आहे असा त्याचा पक्का समज झाला.

तो पहिल्यांदा पळाला तो स्वतःच्या दातांच्या विधीतून. तिकडे मूल वयात आलं की त्याचे वरचे पुढचे सहा दात कानशीने घासून सरळ करतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रू म्हणजे ते सहा दात. हे मुलाचं करून देणं बापाचं कर्तव्य. ते राहिलं तर मेल्यावर त्या मुलाला पितरांत जागा नाही, आणि बापाच्या डोक्यावर ऋण राहतं ते वेगळंच. कर्दाच्या बापाने दोघा मुलांचा विधी एकाच दिवशी, गावाला न बोलावता घरच्या घरीच ठेवला होता. सुंबर आधी आडवा झाला. त्याच्या दातांवर कानस फिरली तो आवाज कर्दाने ऐकला, कानस चालवणाऱ्या परगावच्या संगिंगच्या बोटांत अडकलेली सिगारेट बघितली, आणि अंगावरच्या पिवळ्या वस्त्रासकट तो कुंपण ओलांडून खाली धावत सुटला तो समुद्र आला तेव्हाच थांबला.

मीठ त्याच्या आयुष्यात आलं ते असं. किनाऱ्यावर गुरिक नावाच्या बाईचं मिठागर होतं. तिने या पिवळ्या वस्त्रातल्या पोराला काही विचारलं नाही, नुसती एक कावड दिली. समुद्राचं पाणी आणून काळ्या वाळूवर शिंपायचं, वाळू सुकली की खरवडून मोठ्या टोपल्यात भरायची, पुन्हा पाणी ओतून त्यातून खारं पाणी गाळायचं आणि ते नारळाच्या खोडाच्या पन्हळींमध्ये उन्हात ठेवायचं. दोन-तीन उन्हं चांगली पडली की पन्हळीत पांढरं दिसायला लागतं. तिथे सगळीकडे खारा आणि माशाचा वास. कर्दाला तिथे जेवण गोड लागलं, झोप लागली. तेव्हापासून दर मोसमात तो तिथेच.

बापाने पुढे त्याचं नाव टाकलं नाही, पण पुन्हा विधी घालायचं बळही त्याच्यात राहिलं नाही आणि तो तसाच गेला. गावाला वाटत राहिलं की खर्चामुळे राहून गेलं असेल, अनेकांचं राहतं. कर्दाचं लग्न झालं, रिस्नी झाली. सुकर्तीला एक दिवस जेवताना त्याने खरं सांगितलं. तिने वाढता वाढता हात थांबवला.

“म्हणजे इतकी वर्षं मी केसांना लवंगेचं तेल लावतेय ते?”

“म्हणून तर मी ओसरीवर झोपतो.”

“आणि मला वाटलं मी घोरते,” सुकर्ती म्हणाली, आणि ती बाटली शेजारणीला देऊन आली.

रिस्नीला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण लहान मूल जमिनीवर रांगत असतं, त्याला मोठ्यांची तोंडं कमी दिसतात आणि पाय जास्त. कर्दा चेहरा सांभाळायला शिकला होता. सभेत बसला की त्याचं तोंड देवळाच्या दारावरच्या राक्षसासारखं, दगडाचं. पायाचे अंगठे मात्र त्याच्या ताब्यात नव्हते. वास आला की ते आत वळून आवळायचे, इतके की नखं पांढरी पडायची. रस्त्यावरून लवंगांचा ट्रक गेला की बापाचे अंगठे वळतात हे रिस्नीला चालता यायच्या आधी कळलं होतं. त्यानंतर बाप उठून जातो हेही. शाळेत दात तपासायला लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन नर्स आली तेव्हा रिस्नी तिला चावली. तिच्या दाताला तोवर कधी काहीही झालेलं नव्हतं. मास्तरांनी कर्दाला बोलावून विचारलं की पोरगी असं का करते. कर्दाने मान खाली घातली. पोरीने त्याचे डोळे घेतले होते, हनुवटी घेतली होती, आता हेही घेतलं होतं. त्या दिवशी घरी येताना त्याला जितकं वाईट वाटलं तितकं दाढ काढतानाही वाटलं नसेल.

अशी ही रिस्नी बावीस वर्षांची झाली. शिवणकाम चांगलं करायची, तोंडाने फटकळ होती, आणि किनाऱ्यावरच्या एका होड्या दुरुस्त करणाऱ्या मुलाशी तिचं ठरलं. लग्नाआधी मुलीचे दात बापाच्या घरून व्हायला हवेत. सुंबरच्या दोन्ही मुलांचेही राहिले होते. सुंबर म्हणाला, तिघांचं एकत्रच करून टाकू, मांडव एक, पूजा एक, भाताचं भांडं एक. पुरोहिताने दिवस काढून दिला तो नेमका तोडणीच्या ऐन मध्यावर.

“मी नाही करणार,” रिस्नी म्हणाली.

“नाही करणार म्हणजे काय?” सुंबरने कप खाली ठेवला. “भाजी नाही खाणार, असं सांगितल्यासारखं सांगतेस?”

“बापांनी तरी कुठे केलंय? ते चालले ना बावीस वर्षं माझे बाप म्हणून?”

“तुझ्या बापाचं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

सुंबरने कप पुन्हा उचलला. कुंपण ओलांडून गेलेलं पिवळं वस्त्र त्याने चटईवर आडवं पडल्यापडल्या, तोंड उघडं ठेवायला दिलेलं उसाचं कांडं दाढांत असताना बघितलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्याने ते बाहेर कुठे काढलं नव्हतं. भाऊ म्हणून हे त्याच्या खात्यावर जमा धरायला पाहिजे.

“मी आधी आडवा होतो,” कर्दा म्हणाला. “मग तर झोपशील?”

सुकर्ती चुलीपासून वळून बघायला लागली. रिस्नी बापाच्या पायांकडे बघत होती.

“बघू,” ती म्हणाली.

कर्दा हे नुसतं तोंडाला आलं म्हणून बोलला नव्हता. त्याला वाटत होतं की तो बरा झाला आहे. त्याचं असं झालं होतं की दोन वर्षांपूर्वी गुरिकचा एरवी होडीवरच असणारा नवरा गेला आणि मागे त्याच्या लवंगेच्या सिगारेटींची खोकी उरली. गुरिक काही टाकून देणाऱ्यांतली नव्हती. तिने त्या ओढायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिने पेटवली तेव्हा कर्दा बादली टाकून भरतीच्या पाण्यात कमरेपर्यंत जाऊन उभा राहिला.

“काय रे, अंघोळ राहिली होती का?” म्हातारीने ओरडून विचारलं.

पण समुद्रात किती वेळ उभं राहणार? आणि पन्हळी सोडून जाताही येईना, मीठ धरलं की ते काढावंच लागतं. तो दूर बसायचा, मग जरा जवळ. वास यायचा, जबडा आवळायचा, आणि काहीच व्हायचं नाही. कोणी डोकं पकडायचं नाही, तोंडात कोणाची बोटं यायची नाहीत, समोर समुद्र तसाच आणि म्हातारी सुनेच्या चहाड्या सांगत तशीच. असं रोज. भीती कधी ओसरली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एकदा वाऱ्याने म्हातारीची काडी विझली तेव्हा यानेच हाताचा आडोसा करून सिगारेट पेटवून दिली, आणि मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. संध्याकाळी तो एकटाच हसत होता.

म्हणून विधी आठवड्यावर आल्यावर तो मोठ्या ऐटीत वर निघाला. भाजीच्या टेम्पोत पुढे बसला, ड्रायव्हरच्या तोंडात सिगारेट होती तरी. टेम्पो चढला, हवा गार झाली, आणि जिथून गावाची पहिली वाळवणं दिसतात त्या वडाच्या वळणावर तो वास आला. ओल्या मातीचा, कॉफीच्या पाल्याचा आणि उन्हात तापलेल्या लवंगांचा. लहानपणीच्या ओसरीवरचा होता तसाच. कर्दाची दातखीळ बसली. नसलेली दाढ ठणकली. त्याला ड्रायव्हरला थांब म्हणायचं होतं पण तोंड उघडेना, म्हणून त्याने दारावर थापा मारल्या. खाली उतरला तो उलट्या बाजूने चालायला लागला. ड्रायव्हरला वाटलं पोट बिघडलं असेल. तो वाट बघून निघून गेला.

गुरिकने त्याला दुपारी परत आलेलं बघितलं आणि आधी त्याला शहाळं दिलं. कर्दाने त्या दिवशी तिला सगळं सांगितलं, दाढेपासून. रडला नाही, पण सांगताना दोनदा उठून पन्हळी बघून आला.

“आणि इथे ओढते ती चालते?” तिने विचारलं.

“इथे काही होत नाही. वर गेलो की पुन्हा तेच. इथलं इथेच राहतं, वर येत नाही माझ्याबरोबर.”

“तू नेलंस तर येईल ना! मीठ इथे पिकतं म्हणून वरची माणसं अळणी जेवतात का? पोत्यात घालून नेतातच की.” असं म्हणून ती सिगारेट विझवून कामाला लागली. तिला काही फार मोठं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. तिच्या डोक्यात नुसतं मीठ होतं.

कर्दाच्या डोक्यात मात्र ते राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने पन्हळीच्या कडेला धरलेला मिठाचा मोठा खडा काढला, केळीच्या पानात बांधला आणि टेम्पो सोडून पायीच निघाला. वडाचं वळण आलं तेव्हा तो थांबला, खड्याचा तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. तोंडात समुद्र आला. गुरिक आली, तिची सून आली, काळी वाळू आली. वास होताच, जबडा आवळलेलाच होता. पण पाय मागे वळले नाहीत. तो पुढच्या खांबापर्यंत गेला आणि पुन्हा थांबला. असं करत करत संध्याकाळच्या आत तो स्वतःच्या अंगणात पोचला. भीती गेली असं नाही, चालता येण्याइतकी झाली होती. सुकर्तीने त्याला रस्त्याने, वाळवणांच्या मधून येताना बघितलं आणि हातातली परडी खाली ठेवली. इतक्या वर्षांत तो या रस्त्याने त्या दिवसांत कधी आला नव्हता. घाईघाईने आत जाऊन तिने भात टाकला.

विधीच्या दिवशी सकाळपासून घरात गर्दी होती. मांडवात उंच चौथऱ्यावर गादी घातली होती, तिच्यावर पांढरं-पिवळं कापड. मोठ्याने आधी जायचं ही रीत, म्हणून कर्दा पहिला. गावकऱ्यांत कुजबुज झालीच. “केस पिकायला लागल्यावर दात आठवले वाटतं,” कोणीतरी म्हणालं. “राजेसाहेबांचा मुहूर्त आत्ता लागला!” लोक हसले. कर्दाही हसला. उजव्या मुठीत त्याने खडा धरला होता. त्याने ठरवलं होतं की पोरगी चेहरा बघत असेल, तर चेहरा हलता कामा नये. कळ येवो, वास येवो, भुवईसुद्धा हलता कामा नये. बस, एवढं एक काम जमलं पाहिजे. आपण नाही हललो तर ती झोपेल, आणि आपण हललो तर हे पुढे तिच्या पोरांपर्यंत जाईल.

पूजा झाली, पुरोहिताने मंत्र म्हणून दातांना अंगठी लावली. संगिंग म्हणजे रुंदा नावाचा म्हातारा, एरवी लाकडाचे मुखवटे कोरणारा. तो जवळ येऊन बसला तेव्हा सुंबर रीतीप्रमाणे भावाचं डोकं धरायला पुढे झाला.

“डोकं धरू नकोस,” कर्दा म्हणाला. “बाकी कुठेही धर.”

सुंबरने हात मागे घेतले आणि त्याच्या खांद्याजवळ बसला.

“रुंदा आजा,” कर्दाने विचारलं, “या सहांत भीती कितवा दात?”

“भीती या सहांत नाही बाबा,” म्हातारा कानस पुसत म्हणाला. “ती घासायला घेतली असती तर बेटावर कोणाच्या तोंडात दात उरले असते?” आणि उसाचं कांडं कर्दाच्या दाढांमध्ये ठेवून त्याने त्याचा ओठ वर केला.

त्याची बोटं लवंगेची होती. चाळीस वर्षं सिगारेट धरून पिवळी पडलेली. कर्दाने खाली वाळवणांचा वास येईल, मांडवातल्या धुराचा येईल, या सगळ्याचा विचार केला होता. तोंडात येणाऱ्या बोटांचा नव्हता केला. ते अगदी तेच होतं. तीच चव, तोच दाब, वर तसंच आभाळ आणि कडेला कोणाचे तरी गुडघे. कानस दातावर फिरली. तिचा आवाज कानाने ऐकू येत नाही, कवटीतून येतो. दुखत नव्हतं फारसं, शिणशिणत होतं. पण शरीर काही दुखतंय की नाही ते बघून घाबरत नाही. ते आधीच ओसरीवरच्या चटईवर जाऊन पोचलं होतं.

कर्दाने मूठ आवळली. घामाने खडा विरघळायला लागला, हातावर कुठेतरी खरचटलेलं होतं तिथे झोंबलं. झोंबलं ते बरं झालं. पन्हळी, तो मनात म्हणाला. वाळू. कावड. सून. सून भात करपवते. म्हातारी म्हणते, मुद्दाम करपवते. चेहरा हलला नाही. सुंबर वरून बघत होता, त्याने नंतर शपथेवर सांगितलं की भुवईसुद्धा हलली नाही. रुंदाने थांबून आरसा दिला, पुरे की अजून, असं विचारायची रीत आहे. कर्दाने आरशात दात बघितलेच नाहीत. स्वतःचा चेहरा बघितला. दगडाचा होता. त्याने मान हलवून अजून, अशी खूण केली, कारण सहाही दात सारखे झाल्याशिवाय उठला असं कोणी म्हणायला नको होतं.

संपल्यावर त्याने पिवळ्या नारळाच्या करवंटीत चूळ टाकली, विड्याचं पान चावलं आणि उठून बसला. अंगावरचं कापड घामाने चिकटलं होतं. सुकर्ती मांडवाच्या खांबामागे उभी राहून डोळे पुसत होती आणि धूर जातोय डोळ्यांत असं कोणी न विचारताच सांगत होती. रिस्नी गादीच्या पायथ्याशी बसली होती. सगळा वेळ ती तिथेच होती हे कर्दाला आत्ता दिसलं.

“बघितलंस?” त्याने विचारलं. जीभ अजून जड होती. “चेहरा बघितलास माझा? हललो का?”

“चेहरा कोण बघत होतं?” रिस्नी म्हणाली. “इथून दिसतो कुठे चेहरा?”

“मग?”

तिने बोट दाखवलं. कापडाच्या टोकाखालून कर्दाचे पाय बाहेर आले होते. अंगठे आत वळून आवळलेले होते आणि नखं पांढरी पडली होती. अजून सुटले नव्हते. कर्दा त्यांच्याकडे बघत राहिला. इतकं सगळं केलं, आणि हे इथे खाली उघडेच पडले होते.

“पहिल्यापासून असेच होते,” रिस्नी म्हणाली. “एकदाही सुटले नाहीत.”

“म्हणजे कळलं तुला,” तो हळू म्हणाला. आता ही झोपणार नाही, असं त्याला वाटलं.

“घाबरला होतात तुम्ही.”

“हो.”

“खूप?”

“खूप.”

रिस्नीने नाक ओढलं.

“मला वाटायचं घाबरलं की उठून जावंच लागतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं दुसरं काही करताच येत नाही.”

रुंदा म्हातारा कानस धूत होता. सुंबरने घसा खाकरून, आता पोरांपैकी कोण, असं विचारलं, आणि कोणी काही बोलायच्या आत रिस्नी उठून गादीवर जाऊन आडवी झाली. तिचा चेहरा पांढराफटक होता. उसाचं कांडं तोंडाजवळ आलं तेव्हा तिने ते हाताने बाजूला केलं.

“बापा, डोक्याशी बसू नका,” ती म्हणाली. “पाय धरा माझे.”

कर्दा पायथ्याशी बसला आणि त्याने तिचे दोन्ही पाय हातांत घेतले. अंगठे आवळलेले होते. त्याने ते सोडवायचा प्रयत्न केला नाही, नुसते धरून ठेवले.